गुडघ्यात पीआरपीचे इंजेक्शन घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

'गुडघ्यातले वंगण संपले' असे सांगून ज्यांना पीआरपीचे, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटने (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींनी) समृद्ध प्लाझ्माचे इंजेक्शन सुचवले जाते, त्यांनी प्रथम उभ्याने एक्स-रे काढून झीज कोणत्या श्रेणीची आहे, हे अस्थिरोगतज्ज्ञाला विचारावे. एक्स-रेवरून झीज ठरवणाऱ्या केलग्रेन-लॉरेन्स पद्धतीतील चौथ्या म्हणजे शेवटच्या श्रेणीत, म्हणजे हाडाला हाड घासू लागल्यावर, या उपचाराकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) पुन्हा उगवते असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले, तर खिशात हात घालण्याआधी थांबावे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या चाचणीत सौम्य ते मध्यम झीज असलेल्यांना आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने देण्यात आली. वर्षभरानंतर पीआरपी घेतलेले आणि तुलनेसाठी साधे सलाइन (मिठाचे पाणी) टोचलेले रुग्ण यांत वेदनेच्या किंवा कूर्चेच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. काही लहान अभ्यासांत मात्र आराम दिसला आहे, त्यामुळे हा प्रश्न मिटलेला नाही. गुडघ्यात स्टेम सेल (मूळ पेशी) टोचण्याची गोष्ट वेगळी: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सांधेदुखीसाठी ही उपचारपद्धती मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही.

निर्णय झाला, की डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या ते विचारावे, कारण त्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात. हृदयविकारासाठी चालू असलेले अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मात्र स्वतःच्या मनाने कदापि थांबवू नये.

प्रत्यक्ष प्रक्रियेत दंडातून रक्त घेऊन ते सेंट्रिफ्यूज या यंत्रात वेगाने फिरवतात. बाहेर काढलेल्या नळीत तळाशी लाल पेशींचा गडद थर बसलेला आणि वर पिवळसर प्लाझ्मा तरंगताना दिसतो. त्यातला प्लेटलेटने समृद्ध भाग सांध्यात सोडला जातो. सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून टोचणार का, हे आधीच विचारावे. लिगामेंटच्या (हाडांना जोडणाऱ्या अस्थिबंधाच्या) दुखण्यात तर हा आग्रह धरावाच.

पुढचे दोन-तीन दिवस गुडघा उलट अधिक ठणकू शकतो. त्याला घाबरून दुकानातून वेदनाशामक आणू नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावे. ताप आला, गुडघा लाल होऊन तापला किंवा सूज वाढतच गेली, तर जंतुसंसर्गाची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. ठणका ओसरल्यावर त्यांच्या सल्ल्याने खुर्चीत बसून पाय हळूहळू सरळ करण्याचा मांडीचा व्यायाम सुरू करावा, कारण इंजेक्शनाचा गुण येवो न येवो, बळकट मांडीमुळे गुडघेदुखी कमी व्हायला मदत होते.