मोकॅपच्या क्लिप्स जोडायच्या आधी (वारकरी मागे उडू नये म्हणून)

गेल्या वर्षी मंडळाच्या देखाव्यासाठी पडद्यावर 40 सेकंदांचा सीन करून देतो, असं मी मोठ्या ऐटीत कबूल केलं होतं. वारकरी चालत येतो, देवळाच्या पायरीशी थांबतो, हात जोडतो. तीन मोकॅप क्लिप्स (खऱ्या माणसाच्या टिपलेल्या हालचाली) मिक्सामो या साइटवरून फुकट घ्यायच्या आणि ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये एकीपुढे एक लावायच्या, त्यात काय! पहिल्या रात्री वारकरी पायरीपर्यंत आला आणि हात जोडायच्या क्षणी सपकन मागे, जिथून निघाला होता थेट त्या वडाखाली. तिथून त्याने देवळाला नमस्कार केला. सीन लूपवर होता, त्यामुळे दर 40 सेकंदांनी रांगेतली पोरं खिदळायची. यंदा पुन्हा विचारणा झाली आहे, म्हणून ही यादी.

मिक्सामोसाठी अडोबीचं खातं लागतं, ते काढा. पात्र एकच ठेवा आणि सगळ्या क्लिप्स त्याच पात्रावर उतरवा. दुसऱ्या अंगकाठीवरची चाल आपल्या माणसाला घातली की पाय जमिनीत रुततात. पात्र चढवताना वीणा, पताका, खांद्यावरची पडशी काढून ठेवा. ऑटो-रिगर (पात्रात आपोआप सांगाडा बसवणारं मिक्सामोचं साधन) हनुवटी, मनगटं, कोपरं, गुडघे आणि जांघ यांवर खुणा मागतो, वीणेचं काय करायचं हे त्याला कळत नाही. धोतर फार घोळदार असेल तर गुडघ्यांच्या खुणा अंदाजानेच लावाव्या लागतात. पहिली क्लिप कातडीसकट (‘विथ स्किन’, म्हणजे पात्राच्या शरीरासह) घ्या, बाकीच्या कातडीशिवाय.

आता डाउनलोडचं बटण दाबण्याआधी थांबा. चालण्या-पळण्याच्या क्लिपशेजारी ‘इन प्लेस’ अशी चौकट असते. तिच्यावर खूण करा. मी केली नव्हती. मिक्सामोच्या सांगाड्यात वेगळं मूळ हाड नसतं, माणसाचं पुढे सरकणं सगळं हिप्स या कमरेच्या हाडात भरलेलं असतं. चालण्याची क्लिप त्याला चार मीटर पुढे नेते. पुढच्या क्लिपला त्याची खबरच नसते, ती आपली शून्यापासून सुरू होते. म्हणून वडाचं झाड. इन प्लेस केलं की माणूस जागच्या जागी पाय हलवतो आणि त्याला पुढे न्यायचं काम तुमच्या हातात येतं.

चालण्याची क्लिप मात्र खूण न करताही एकदा उतरवा, फक्त मापासाठी. एका फेरीत हिप्स किती सरकतात ते बघा. समजा 32 फ्रेममध्ये दीड मीटर, तर तोच वेग तुम्हाला द्यायचा आहे. अंदाजाने दिलात तर वारकरी बर्फावरून घसरत आल्यासारखा दिसेल. माप झालं की ती फाइल उडवा, नाहीतर घाईत तीच वापराल. (हो, हेही केलंय.)

फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) 24, 30, 60 यांतला कुठलाही चालेल, पण सगळ्या क्लिप्सना एकच. मिक्सामो 30 सुचवतं, ब्लेंडरचा नवा सीन 24 वर असतो. प्रत्येक फाइल आत घेतल्यावर सीनचा आकडा तपासा.

ब्लेंडरमध्ये आल्यावर सांगाड्याचा स्केल 0.01 दिसेल. दिसू दे. नीटनेटकेपणाच्या हौसेने ‘अप्लाय’ केलंत तर हिप्सच्या किल्ल्या (कीफ्रेम्स, म्हणजे कुठल्या फ्रेमला कुठे असायचं त्याच्या नोंदी) जुन्याच मापात राहतात आणि माणूस शंभरपट उड्या मारतो. क्लिप्सची नावं लगेच बदला, कारण सगळ्या एकाच नावाने येतात, मागे फक्त .001, .002. रात्री दोन वाजता त्यातला नमस्कार कुठला ते ओळखता येत नाही.

मग एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी, नुसती धरून हलवायची वस्तू) घ्या, सांगाडा तिच्याखाली बांधा आणि चालवायचं ते एम्प्टीला. तिच्या किल्ल्या लिनियर (एकसारख्या वेगाच्या) करा. ब्लेंडर मुळात बेझिए देतं, म्हणजे सुरुवातीला हळू मग जोरात, आणि पाय पुन्हा घसरतात. माणूस जिथे थांबतो तिथेच एम्प्टी थांबली पाहिजे. एखाद्या क्लिपला इन प्लेसची चौकटच नसेल आणि माणूस जागा सोडत असेल, तर शेवटच्या फ्रेमला हिप्स कुठे आहेत ते कागदावर लिहा. होय, कागदावर. तेवढ्या अंतराने पुढच्या क्लिपच्या पहिल्या फ्रेमला एम्प्टी हलवा, त्याआधीची किल्ली कॉन्स्टंट ठेवा (म्हणजे ती सरकत न जाता एकदम उडी घेईल) आणि नेमका तिथेच कॅमेरा बदला. लपतं.

एनएलएमध्ये (ब्लेंडरची क्लिप्स एकीपुढे एक लावायची खिडकी) ‘पुश डाउन’ करून क्लिप्सच्या पट्ट्या करा. चालणं ‘रिपीट’ने वाढवा. दोन पट्ट्या एका ट्रॅकवर एकमेकींवर चढत नाहीत, म्हणून आळीपाळीने दोन ट्रॅक, आणि जोडावर 10-12 फ्रेम चढवून ब्लेंड, म्हणजे एकीतून दुसरीत हळूहळू मिसळणं. जोडाच्या वेळी दोन्ही क्लिप्समध्ये तोच पाय टेकलेला हवा, नसेल तर चालण्याची शेपूट कापा. पण ब्लेंडने उडी बरी होत नाही, हे ऐकाच. गेल्या वर्षी मी ब्लेंड 10 वरून 40 केला, तर वारकरी उडायच्या ऐवजी तरंगत मागे गेला. इन प्लेस नसेल तर नसेलच.

वरच्या पट्टीचं ‘होल्ड’ (पट्टीच्या बाहेरही तिची पोझ धरून ठेवणं) खालच्यांना झाकतं, ‘नथिंग’ करा. सगळं बरोबर असूनही भलतीच क्लिप चालत असेल तर पट्ट्यांच्या वर, पट्टी न केलेली एखादी अ‍ॅक्शन उघडी राहिली असेल.

दिवे, कॅमेरा तुमचं तुम्ही बघा. रेंडर पीएनजीच्या फ्रेम्समध्ये, थेट व्हिडिओ नको, वीज गेली तर सगळं जातं. आधी फक्त जोडांच्या मागच्या-पुढच्या 20 फ्रेम काढा आणि माणूस जागेवर आहे का बघा. मंडळाच्या लॅपटॉपवर आदल्या दिवशी चालवून बघा, लूपवर, दोनदा तरी.