डेबियनची नवी आवृत्ती कधी चढवायची, कशी चढवायची

मार्केट यार्डातल्या गूळ अडत दुकानाचा हिशेब असो की उद्यमनगरातल्या कारखान्याचा फाइल सर्व्हर, मशीनवर डेबियन (विंडोजच्या जागी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) असलं की दर दोन वर्षांनी तोच प्रश्न येतो: नवी आवृत्ती आली, लगेच चढवू का? लगेच नको. पण टाळतही बसू नका.

डेबियन स्वयंसेवक चालवतात, त्यामुळे आवृत्ती तयार झाली की निघते. काहील कधी उतरवायची हे गुळव्या पाक बघून ठरवतो, घड्याळ बघून नाही, तसंच हे. ३.० आणि ३.१ यांच्यात जवळजवळ तीन वर्षं गेली होती. आता अंतर दोनेक वर्षांवर स्थिरावलंय: अकरावी आवृत्ती ऑगस्ट २०२१ मध्ये, बारावी (बुकवर्म) जून २०२३ मध्ये, तेरावी (ट्रिक्सी) ऑगस्ट २०२५ मध्ये आली.

प्रकाशनाचा दिवस आधी कळत नाही, पण 'फ्रीझ'च्या तारखा कळतात. एरवी पॅकेज (बसवायला तयार केलेला प्रोग्रॅम) आधी 'अनस्टेबल' या कच्च्या शाखेत येतं आणि साधारण पाच दिवसांत गंभीर बग निघाला नाही तर 'टेस्टिंग'मध्ये, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीच्या शाखेत, सरकतं. फ्रीझमध्ये ही वाट टप्प्याटप्प्याने बंद होते आणि फक्त दुरुस्त्या आत येतात. ट्रिक्सीचे टप्पे २०२५ मध्ये १५ मार्च, १५ एप्रिल, १५ मे आणि २७ जुलै असे होते. प्रकाशन ९ ऑगस्टला झालं. ज्या पॅकेजचा गंभीर बग कोणी सोडवत नाही ते बहुधा वगळलं जातं. म्हणून फ्रीझ लागला की आपल्या रोजच्या कामाची पॅकेजेस नव्या आवृत्तीत आहेत का, ते आधी तपासा. चढवल्यावर कळलं तर उपयोग नाही.

प्रकाशनानंतर पहिल्या पॉइंट आवृत्तीपर्यंत (साठलेल्या दुरुस्त्यांची छोटी आवृत्ती) थांबा. १३.१ चार आठवड्यांत, ६ सप्टेंबरला आली. तीही आल्या दिवशी घेऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये १२.३ च्या कर्नलमध्ये (प्रणालीचा गाभा) ईएक्सटी४ या डिस्कवर फाइली ठेवण्याच्या पद्धतीतला डेटा खराब करणारा बग सापडला, ती आवृत्ती रोखावी लागली आणि लगोलग १२.४ काढली गेली. आठवडाभर थांबणाऱ्याला याची झळही लागली नसती. घाईचं कारणही नसतं, कारण जुन्या आवृत्तीला नवी आल्यावरही साधारण वर्षभर नियमित सुरक्षा दुरुस्त्या मिळतात.

मग आपलं कॅलेंडर बघा. दिवाळीनंतर गुळाचा हंगाम, मार्चअखेर, पंचगंगा चढलेली असताना जाणारी वीज, हे सगळं टाळा. जीएसटीचं २० तारखेचं काम आटोपल्यावर, साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बसलेलं बरं.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्या आज्ञा रोमन लिपीत टाइप करायच्या आहेत.

१. 'यूनेम -एम' चालवा. उत्तर आय६८६ (म्हणजे ३२ बिट) आलं तर इथेच थांबा. ट्रिक्सीत ३२ बिट पीसीसाठी कर्नलही नाही, इन्स्टॉलरही नाही. प्रोसेसर ६४ बिट असेल तर ६४ बिट डेबियन नव्याने बसवा.

२. डेटा आणि ईटीसी फोल्डर (यात सगळ्या सेटिंग असतात) बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्यातली एखादी फाइल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप बॅकअप नव्हे.

३. सोर्सेस यादीत (मशीन पॅकेजेस कुठून घेतं ती यादी) 'स्टेबल' असा शब्द असेल तर तो आजच काढा आणि आवृत्तीचं नाव लिहा. नाहीतर प्रकाशनाच्या दिवशी नेहमीचं अपडेट करता करता मशीन अर्धवट नव्या आवृत्तीत शिरतं. डेबियनबाहेरच्या रेपॉझिटरी (पॅकेजेसची कोठारं) बंद करा.

४. चालू आवृत्ती पूर्ण अद्ययावत करा. मुख्य विभाजनावर ५ जीबी तरी मोकळी ठेवा. अकरावरून थेट तेरावर उडी नाही, आधी बारा.

५. यादीत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहा. मग 'ॲप्ट अपडेट', त्यानंतर 'ॲप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज', शेवटी 'ॲप्ट फुल-अपग्रेड'. काय काय काढलं जाणार आहे ती यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नका. मशीन यूपीएसवर हवं आणि तुम्ही त्याच्या शेजारी. रीबूटनंतर नेटवर्क कार्डाचं नाव बदललं तर दुरून जोडलेला माणूस बाहेरच राहतो.

ट्रिक्सीत टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डर रॅममध्ये असतं, कमाल निम्म्या रॅमएवढं. रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट तिथे मोठी झिप तयार करत असेल तर ती अडखळेल. तिची जागा बदला.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते पोस्टग्रेस, म्हणजे हिशेबाचा डेटा ठेवणारा डेटाबेस. बुकवर्ममध्ये १५ आहे, ट्रिक्सीत १७. चढवल्यावर डेटा १५ मध्येच राहतो आणि शेजारी १७ चा रिकामा क्लस्टर (डेटाबेसचा संच) उभा राहतो. आधी तो रिकामा १७ 'पीजी-ड्रॉपक्लस्टर'ने काढायचा, मग १५ वर 'पीजी-अपग्रेडक्लस्टर' चालवायचं (दोन्ही नावांत जोडरेषेऐवजी अंडरस्कोअर). ड्रॉपक्लस्टरला आकडा चुकून १५ टाकलात तर सगळी खाती गेली, म्हणून एंटर दाबण्याआधी तो मोठ्याने वाचा. काम झाल्यावरही जुना १५ लगेच काढू नका; पुढच्या महिनाअखेरीचा ताळेबंद जुळू द्या.