टूलचेनच्या नावातलं एचएफ आधी बघा

32 बिट आर्म बोर्डसाठी क्रॉस कंपाइल करताय, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर बोर्डच्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम बनवताय, तर टूलचेनचं (कंपाइलर, लिंकर वगैरेंच्या संचाचं) नाव शेवटपर्यंत वाचा. नुसतं ग्नू-ईएबीआय असेल तर फ्लोट (दशांश) आकडे फंक्शनला प्रोसेसरच्या साध्या रजिस्टरमधून जातात, पुढे एचएफ असेल म्हणजे हार्ड फ्लोट, तेव्हा ते व्हीएफपीच्या (प्रोसेसरमधल्या फ्लोट गणिताच्या भागाच्या) रजिस्टरमधून जातात, म्हणून दोन्हीकडच्या लायब्ररी एकत्र लिंक करू नका. बोर्डच्या लिब फोल्डरमध्ये लोडरच्या (प्रोग्राम मेमरीत चढवून सुरू करणाऱ्या फाइलच्या) नावात आर्मएचएफ दिसलं की एचएफवाली टूलचेनच घ्या. हे चुकलं की फाइल समोर असूनही 'फाइल नाही' असा एरर येतो आणि आपण तासभर पाथ तपासत बसतो, खरं तर प्रोग्रामला हवा तो लोडरच बोर्डवर नसतो. जुन्या सॉफ्ट लायब्ररीसोबत सॉफ्टएफपी (गणित व्हीएफपीवर, पण आकडे साध्या रजिस्टरमधून) मात्र चालतं. शंका आली तर रीडएल्फ (बायनरी फाइलची माहिती दाखवणारं टूल) कॅपिटल ए ऑप्शनने चालवा, व्हीएफपी आर्ग्जसमोर व्हीएफपी रजिस्टर्स दिसलं म्हणजे बायनरी हार्ड फ्लोटची.