वावरातलं काम आणि मनगटावरच्या घड्याळातल्या कॅलरी: आकडा कसा तपासायचा

फिटनेस घड्याळ कॅलरी मोजत नाही, अंदाज बांधतं. मागचा हिरवा दिवा कातडीखालचं रक्त पाहून नाडीचे ठोके काढतो, आतला सेन्सर हाताची हालचाल टिपतो आणि त्यात तुमचं वय, वजन, उंची घालून कंपनीचं सूत्र आकडा देतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये 60 जणांवर 7 घड्याळं तपासली. ठोक्यांत 6 घड्याळांची चूक 5 टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या घड्याळाचीही सरासरी चूक 27 टक्के निघाली, सगळ्यात वाईटाची 93. तीही चालणं, धावणं, सायकल अशा सरळ हालचालींत. निंदण आणि डवरणी तर त्या तपासणीत नव्हतीच.

सुरुवात ॲपपासून करा. घड्याळ नवीन असताना घाईत 70 किलो टाकून दिलेलं असतं आणि पुढे सगळे हिशेब त्यावरच चालतात. काट्यावर वजन करून खरा आकडा भरा. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक बोट वर बांधा; सरकू नये, पण पट्ट्याखाली करंगळी जेमतेम शिरावी. हातभर बांगड्या असतील तर ते सारखं ढकललं जातं, म्हणून बांगड्यांच्या वर कोपराकडे बांधा. गोंदणावर बांधू नका. गडद शाई उजेड अडवते, ठोके चुकतात.

मग न हलता किती खर्च होतो ते काढा. वजन गुणिले 10, अधिक उंची (सेंमी) गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. पुरुषांसाठी त्यात 5 मिळवा, बाईसाठी 161 वजा करा. 65 किलो, 165 सेंमी, 40 वर्षांच्या पुरुषाचे दिवसाला सुमारे 1486 होतात, म्हणजे तासाला 62. सकाळी 6 ला उठल्याउठल्या घड्याळात रात्री 12 पासूनचे 370 च्या आसपास दिसलं, तर ते झोपेतला खर्चही धरतंय. त्यातली ‘अ‍ॅक्टिव्ह’ कॅलरी, म्हणजे फक्त हालचालीचा खर्च, वेगळी पाहा. पुष्कळ जण हे दोन आकडे एकच समजतात.

आता चाचणी. थंड सकाळी सपाट डांबरी रस्त्यावर किलोमीटरच्या दगडापासून निघा, पुढचे दोन दगड गाठा, परत या. 4 किलोमीटर, 48 मिनिटं, म्हणजे एक दगड 12 मिनिटांत. या चालीला एकूण खर्च दर किलो वजनामागे तासाला सुमारे 3.5 कॅलरी धरतात. 65 किलोला एकूण 182, अ‍ॅक्टिव्ह सुमारे 130 यायला हवेत. तीन सकाळी करून सरासरी घ्या. घड्याळ अ‍ॅक्टिव्ह 180 दाखवत असेल, तर तुमच्या चालण्याचा आकडा 0.7 ने गुणायचा.

वावरात मात्र हा गुणकही टिकत नाही. कापूस वेचताना बाई जागेवर उभी असते, पण हात सारखा बोंडाकडून ओटीकडे जातो. घड्याळ त्यालाही पावलं समजू शकतं. उलट डोक्यावरचं गाठोडं घड्याळाच्या हाताने धरून धुऱ्यावरून चाललं, की हात स्थिर राहतो आणि पावलं गळतात, नेमकी कष्ट जास्त तेव्हा. पाठीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप घड्याळाला ठाऊकच नाही. ते तुम्हाला 65 किलोचेच धरतं, अंगावर 16 किलो पाणी आणि वर पंप असतानाही. बंडी किंवा मोटारसायकल पांदणीने गेली, की हादऱ्यांचीही पावलं होतात. त्या वेळी घड्याळ काढून खिशात ठेवून भागत नाही, घरीच ठेवा.

उन्हाचं वेगळंच. मे महिन्यात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे जातं, घामाने अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून तेवढ्याच कामाला ठोके वाढतात. घड्याळ त्यालाही मेहनत समजून कॅलरी चढवतं. तो आकडा पाहून खूश होऊ नका. सावलीत बसा, पाणी प्या. बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर ठोके दबलेले राहतात आणि आकडा कमी येतो. गोळी घड्याळासाठी कधीही थांबवू नका.

वजन कमी करायचं असेल तर घड्याळाने 500 दाखवले म्हणून तेवढं जास्त खाऊ नका. 50 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर म्हणजेच सुमारे 170 कॅलरी. चार आठवडे घड्याळाचा एकूण आकडा आणि खाणं दोन्ही लिहा, वजन दर सोमवारी सकाळी रिकाम्या पोटी एकाच काट्यावर. रोज 500 ची तूट दिसत असेल तर 28 दिवसांत 14,000, म्हणजे सुमारे 1.8 किलो उतरायला हवं. 900 ग्रॅमच उतरलं, तर खरी तूट रोज 250 च्या जवळपास आहे. आधी वहीत चहाची साखर आणि भाजीतलं तेल धरलंय का ते पाहा, मग उरलेला फरक घड्याळाच्या आकड्यातून वजा करा.