लिनक्समध्ये वायरलेस कार्डाचे फर्मवेअर आपोआप लोड होण्यासाठी काय करावे

वापरलेला लॅपटॉप घेऊन त्यावर डेबियन किंवा उबुंटू बसवणारे विद्यार्थी इंदुरात बरेच आहेत. आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलच्या संगणक बाजारात असा लॅपटॉप मिळतो, तो राजेंद्रनगरातल्या किंवा लोकमान्यनगरातल्या घरी येतो, लिनक्स सुरळीत बसते, आणि मग लक्षात येते की वायफायची यादीच दिसत नाही. कार्ड बिघडले असे ठरवून पुन्हा बाजार गाठण्यापूर्वी फर्मवेअरची, म्हणजे कार्डातील चिप ज्यावर चालते त्या प्रोग्रामची, चौकशी करावी, कारण अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. (पुढील आज्ञा व फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करावीत.)

बहुतेक वायरलेस चिपांमध्ये त्यांचा स्वतःचा प्रोग्राम कायमचा साठवलेला नसतो. वीज गेली की चिपची स्मृती पुसली जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना ड्रायव्हर (कार्ड हाताळणारा लिनक्समधील भाग) कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, फर्मवेअरची ठरावीक नावाची फाइल मागतो, कर्नल ती '/लिब/फर्मवेअर' या डिरेक्टरीत शोधतो आणि सापडल्यास ड्रायव्हरच्या हाती देतो. म्हणजे आपोआप लोड होण्याची सोय कर्नलमध्ये आधीच आहे. आपल्याला फक्त योग्य नावाची फाइल योग्य जागी ठेवायची असते. त्यासाठी यूडेव्हचे (जोडलेली उपकरणे हाताळणाऱ्या सेवेचे) नियम किंवा सुरुवातीला चालणारी स्क्रिप्ट लिहायला सांगणाऱ्या जुन्या मार्गदर्शिका आता बाजूला ठेवाव्यात. 2012 साली आलेल्या 3.7 आवृत्तीपासून कर्नल फाइल थेट वाचतो आणि 2014 मध्ये, यूडेव्ह ज्याचा भाग आहे त्या सिस्टमडीच्या 217 व्या आवृत्तीतून यूडेव्हचा तो भाग काढूनही टाकला गेला.

प्रथम कार्ड ओळखावे. 'एलएसपीसीआय -एनएनके' ही आज्ञा दिल्यावर नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव येते. यूएसबीवर लावलेल्या डोंगलसाठी 'एलएसयूएसबी' वापरावे. ड्रायव्हरचे नाव कळले की 'मॉडइन्फो -एफ फर्मवेअर' या आज्ञेपुढे ते लिहावे, म्हणजे तो कोणकोणत्या फाइली मागू शकतो त्याची यादी मिळते. पीसीआय जोडणीच्या जुन्या अथेरॉस कार्डांना, म्हणजे 'एटीएच9के' ड्रायव्हरवर चालणाऱ्यांना, फर्मवेअर लागतच नाही; तिथे अडचण दुसरीकडे शोधावी.

त्यानंतर 'सुडो डीमेस्ग' चालवून कर्नलच्या नोंदीत 'फर्मवेअर' हा शब्द शोधावा. इंटेल 8260 कार्डाच्या बाबतीत 'आयडब्ल्यूएलवायफाय-8000सी-36.यूकोड' ही फाइल लोड झाली नाही आणि शेवटी 'एरर -2', अशी ओळ दिसू शकते. उणे दोनचा अर्थ इतकाच की या नावाची फाइल नाही. मात्र एवढ्यावर घाबरू नये. इंटेलचा ड्रायव्हर आधी सर्वांत नव्या क्रमांकाची फाइल मागतो आणि ती न मिळाल्यास एकेक क्रमांक खाली उतरतो. तेव्हा अशा काही ओळींनंतर 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' ही ओळ आली असेल, तर काम झालेले असते.

फाइल खरोखरच नसेल तर ती पॅकेजमधूनच घ्यावी. उबुंटूत 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज पुरते. डेबियनच्या 12 व्या आवृत्तीपासून, म्हणजे जून 2023 पासून, इन्स्टॉलर लागणारे फर्मवेअर स्वतःच बसवतो. त्याआधीची प्रणाली अद्ययावत करत आणली असेल, तर पॅकेजांच्या स्रोतांच्या यादीत 'मेन' शब्दानंतर 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडावे, 'एपीटी अपडेट' चालवावे आणि मग इंटेलसाठी 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय' किंवा रिअलटेकसाठी 'फर्मवेअर-रिअलटेक' बसवावे. ब्रॉडकॉमच्या बीसीएम 4311 सारख्या जुन्या चिपांचे फर्मवेअर वितरित करण्याची परवानगी नसल्याने 'फर्मवेअर-बी43-इन्स्टॉलर' हे पॅकेज ते इंटरनेटवरून उतरवून वेगळे काढून घेते. ते 'कॉन्ट्रिब' विभागात आहे, म्हणून तोही विभाग यादीत हवा.

वायफायच नसताना इंटरनेट आणायचे कुठून, हा प्रश्न साहजिक आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्यातील यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) सुरू करावे. लिनक्स त्याला तारेच्या जोडणीसारखे ओळखते आणि त्यासाठी वेगळे फर्मवेअर लागत नाही.

फाइल हाताने ठेवण्याची वेळ आलीच, तर ती '/लिब/फर्मवेअर/अपडेट्स' मध्ये ठेवावी. कर्नल ही डिरेक्टरी मूळ जागेच्या आधी पाहतो आणि पॅकेज अद्ययावत झाले तरी तुमची फाइल तशीच राहते. नावातील एक अक्षरही बदलू नये. नावाच्या शेवटी 'एक्सझेड' किंवा 'झेडएसटी' असलेली संकुचित फाइल मात्र चालते. पहिली कर्नल 5.3 पासून, दुसरी 5.19 पासून, अर्थात कर्नल त्या सोयीसह बांधलेला असेल तर. ड्रायव्हर मॉड्यूल (गरजेनुसार वेगळा लोड होणारा भाग) नसून कर्नलमध्येच बांधलेला असेल, तर तो मुख्य डिस्क जोडली जाण्याआधीच फाइल मागतो; तेव्हा ती फाइल इनिट्रामएफएसमध्येही, म्हणजे त्याआधी स्मृतीत उतरणाऱ्या छोट्या फाइलसंचातही, असावी लागते.

संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा आणि नोंद परत वाचावी. फर्मवेअर लोड झाल्याचे दिसूनही वायफायची नेटवर्क दिसत नसतील, तर 'आरएफकिल लिस्ट' पाहावी: 'सॉफ्ट ब्लॉक्ड' असल्यास 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' पुरते, पण 'हार्ड ब्लॉक्ड' असल्यास लॅपटॉपच्या कडेवरील वायफायचे बटण शोधावे लागते.