लिफ्ट उचलत नाही? पंप खोलण्याआधी तो फिरतोय का ते बघा

जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबाने उचलणारी यंत्रणा, बसली की पहिला संशय तेलाला दाब देणाऱ्या पंपावर जातो. पंप उतरवतात, नवं किट टाकतात, आणि लिफ्ट जिथल्या तिथे. कारण पंप चांगलाच होता, फक्त फिरत नव्हता. पंप खराब होणं, पंपाला फिरवणारी जोडणी तुटणं आणि पंपाला तेल न मिळणं हे तीन वेगळे बिघाड आहेत. लक्षण मात्र तिन्हींचं एकच.

आधी आठवा, लिफ्ट अचानक बंद पडली की हळूहळू मंदावत गेली? नांगर झटक्यात उचलणारी लिफ्ट एका क्षणात गप्प झाली, तर बहुतेक चावी (शाफ्ट आणि गिअरच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) तुटलेली असते, स्प्लाइन (शाफ्टवरचे लांबट दाते) झडलेल्या असतात किंवा कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) फुटलेलं असतं. तेल तापेल तशी लिफ्ट सुस्तावत असेल, तर पंपाची झीज किंवा गळकी सील धरा.

तेल

ट्रॅक्टर सपाट जागी, अवजार जमिनीवर, लिफ्टचे हात खाली, इंजिन बंद. दांडी काढून तेल बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, फेसाळ असेल तर पंप हवा ओढतोय. पंप इंजिनावर बसवलेला असेल तर इंजिन ऑइलची दांडीही काढा. तिथलं तेल वाढलेलं आणि हायड्रॉलिकचं कमी झालेलं दिसलं, तर पंपाच्या शाफ्टची सील गेली आहे. बाहेर थेंबही गळत नसताना तेल कमी होतं, ते असं. मग फिल्टर, जाळी आणि पंपाकडे तेल नेणारा पाइप तपासा. जुना रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून मिटलेला असतो.

कानाने तपासणी

इंजिन मिनिटाला साधारण १००० फेऱ्यांवर ठेवा, जड अवजार जोडलेलं असू द्या, लिफ्टची लिव्हर पूर्ण वर घ्या आणि ऐका.

इंजिनाचा आवाज दबला आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारा) किंचाळला, तर पंप फिरतोय आणि दाबही देतोय. त्याला हात लावू नका. दोष पुढे, व्हॉल्व्हमध्ये, लिफ्टच्या सिलिंडरमध्ये किंवा अडकलेल्या हातांत आहे. डब्यात खडे खुळखुळल्यासारखा आवाज आला, तर पंप फिरतोय पण उपाशी आहे. इंजिनावर काहीच भार आला नाही, तर पंप फिरत नसावा किंवा त्याला तेलच पोचत नसावं.

इथे एक अपवाद लक्षात ठेवा. १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये कंट्रोल व्हॉल्व्ह (लिफ्टच्या लिव्हरने चालणारा) पंपात तेल आत येण्याच्या बाजूला असतो. तो अडकला की पंप फिरत असूनही लिफ्ट गप्प राहते.

फिरतोय का?

उत्तर पंप कुठून फिरतो त्यावर आहे. टीई-२० सारख्या ट्रॅक्टरात पंप पीटीओ शाफ्टवर, म्हणजे अवजारं फिरवायला मागे निघणाऱ्या शाफ्टवर, चालतो, म्हणून पीटीओ लिव्हर लावल्याशिवाय लिफ्ट उचलत नाही. लिव्हर नकळत सुटलेली असणं हा सगळ्यात स्वस्त बिघाड, आणि तो बघायचाच राहतो! लिव्हर लावून मागचा शाफ्ट फिरतो का, ते दुरून बघा. तो फिरतोय आणि पंप नाही, तर दोष पंपाच्या स्प्लाइनमध्ये. तोही फिरत नसेल, तर आधी क्लच आणि कपलिंग. अवजार नसताना लिफ्ट उचलते, वजन आल्यावर थांबते आणि पीटीओही मंदावतो, तर क्लच प्लेट घसरते आहे.

इंजिनाच्या पुढच्या टोकाला क्रँक पुलीवरून कपलिंगने चालणारा पंप असेल, तर इंजिन बंद करून कपलिंग हाताने हलवा. काळी भुकटी दिसली तर रबरी बुश झिजलेत. स्प्लाइनभोवती विटकरी भुकटी जमली असेल, तर त्या कोरड्या घासत आहेत. अशा कोरड्या स्प्लाइनना मोली (मॉलिब्डेनम असलेलं) ग्रीस लावतात. तेलात बुडालेल्यांना गरज नसते. पंपाच्या शाफ्टवर खडूची रेघ मारा, इंजिन बंद करायची दांडी ओढून ठेवा, गिअर न्यूट्रलला घ्या आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. रेघ जागची हलली नाही, तर उत्तर मिळालं.

इंजिनाच्या आतल्या टायमिंग गिअरवर चालणारा पंप मात्र बोल्ट काढून उतरवावाच लागतो. निमुळत्या शाफ्टवरचा गिअर हाताने फिरवा. शाफ्ट न फिरता गिअर फिरला, तर आतली चावी कापली गेली आहे. इथे नुसती नवी चावी टाकून पंप परत बसवतात आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा तुटते. गिअर धरून ठेवते ती निमुळत्या भागाची घट्ट पकड. चावी फक्त जागा राखते. म्हणून दोन्ही पृष्ठभाग तपासा, ओरखडे असतील तर बारीक पेस्टने घासून बसवा आणि नट पुस्तिकेतल्या टॉर्कवर, नव्या लॉक वॉशरसह आवळा.

जोडणी का तुटली?

हे न शोधता नवं कपलिंग टाकू नका. पंपाचा शाफ्ट हाताने फिरवा. एकसारखा, थोड्या अवरोधाने फिरायला हवा. अडकत असेल किंवा आत रेती असल्यासारखं जाणवत असेल, तर पंपानेच जोडणी तोडली आहे. अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह आणि पंप वाकडा बसलेला असणं हीसुद्धा नेहमीची कारणं.

पंप नवा घेताना शाफ्टच्या टोकाकडून बघून फिरण्याची दिशा जुळवा. उलट्या दिशेचा पंप बसवला तर शाफ्टची सील लगेच उडते. बसवताना पंपात स्वच्छ तेल भरा आणि तो कोरडा फिरवू नका. शेवटी २५० बारचा गेज लावून, तेल कोमट करून, पुस्तिकेतल्या आकड्याशी दाब ताडून बघा. गळती शोधायची असेल तर पुठ्ठा फिरवा, बोट नको. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत घुसतं.