आईला उठायला हात देणं मी थांबवलं

माझी आई ७८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी आजारपणात ती तीन आठवडे अंथरुणावर होती. ताप गेला, पण खुर्चीतून उठताना ती माझ्याकडे हात करू लागली आणि मी दर वेळी तिला ओढून उभं करू लागले. पाणी, चष्मा, फोन, सगळं तिच्या हातात नेऊन द्यायचे. तिला त्रास होऊ नये, एवढंच मनात असायचं. मग घरी फिजिओथेरपिस्ट आल्या. "आजी, उठून दाखवा बरं," त्या म्हणाल्या. मी सवयीनं पुढे झाले, तर मलाच थांबवलं. "उठायचं काम तुम्ही केलंत तर त्यांच्या मांड्यांनी काय करायचं?"

तेव्हापासून आमचा मुख्य व्यायाम हाच: खुर्चीतून उठणं आणि बसणं. संडासला जाणं, पलंगावरून उतरणं, सगळं याच ताकदीवर चालतं. म्हणून तुम्हीही इथूनच सुरुवात करा. त्याआधी डॉक्टरांना मात्र विचारा. हृदयविकार असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा वरचेवर पडणं होत असेल, तर विचारल्याशिवाय काहीच नको. हाडं ठिसूळ झाली असतील तर कमरेतून खोल वाकणं आणि पाठ पिळणं टाळायचं.

खुर्ची हात असलेली, बिनचाकांची आणि भिंतीला टेकवलेली हवी. सोफ्यात माणूस रुततो, तो नको. आईला आधी पुढे सरकून कडेला बसवा. पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली, गुडघ्यांच्या किंचित मागे. मग छाती पुढे झुकवून, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठायचं. बहुतेक जण सरळ वर उठू पाहतात आणि मागे पडतात. सगळी मेख या झुकण्यात आहे. उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो. बसताना धपकन नाही, मनात तीन अंक मोजत सावकाश. या सावकाश बसण्यातही मांड्यांना काम पडतं. जमत नसेल तर बैठकीवर एक कडक उशी ठेवा, उंची वाढली की उठणं सोपं होतं. आई पहिल्या दिवशी तीन वेळा उठली, तेही खुर्चीचे हात धरून. दीड महिन्यानं हात न लावता दहा वेळा.

तोलासाठी स्वयंपाकाचा ओटा उत्तम. दोन्ही हात ओट्यावर ठेवून टाचा उचलायच्या आणि हळू टेकवायच्या. मग एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून दहा अंक उभं राहायचं. तुम्ही बाजूला, जरा मागे उभे राहा. हात कमरेजवळ तयार ठेवा, पण धरू नका. तोल गेलाच तर कमरेला आधार द्या, दंड ओढू नका, खांदा दुखावतो. पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल हवी. फरशीवर नुसते मोजे घालून तर अजिबात नको.

६५ वर्षांपुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं ते असं: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल, किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम, किमान तीन दिवस तोलाचे. आकडा ऐकून आई घाबरली. पण हे सगळं एका दमात करायचं नसतं. आम्ही घरातल्या घरात दहा-दहा मिनिटं चालतो. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे.

छातीत दुखलं, घेरी आली, बोलता येणार नाही इतका दम लागला की लगेच थांबायचं. छातीतलं दुखणं थांबलं नाही तर तातडीनं मदत बोलवायची. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चालतं. सांधा सुजला तर नाही. सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून पावलं वरखाली करायची, मगच उभं राहायचं. एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो आणि पुष्कळ जण तिथेच पडतात.

"या वयात कसला व्यायाम?" हे आईनंही म्हटलं होतं. मी व्यायामाचं नाव काढणं सोडलं आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम तिच्याकडे परत दिलं. आधी अर्धा तांब्या, आता छोटी झारी. मला भरभर होणाऱ्या कामाला तिला अर्धा तास लागतो. तो लागू द्यायचा. माझ्यासाठी हे सगळ्यात अवघड होतं.

किती वेळा उठली ते आम्ही कॅलेंडरवर लिहितो. मागच्या महिन्यात सर्दी-खोकल्यानंतर आकडा दहावरून चारवर आला. मी खुर्चीवर उशी परत ठेवली आणि चारपासून पुन्हा सुरू केलं. काल सात झाले.